टेंपोवरचा नंबर

संजना : खालापुरात शिंपी संपले का सगळे?

येसूबाई : संपले नाय. पण एकदा जावेच्या हातचं ब्लाउज घालावं, असं मनात आलं. का, येऊ नये?

संजना : पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात उभ्या राहिलात. तेही तीन जिने चढून, हातात ब्लाउजपीस घेऊन. मनात आलं म्हणे! या, आत या. चपला असू द्या, लादी काही सोन्याची नाही.

येसूबाई : सोन्याची नाय, पण तोंड दिसतंय तिच्यात. येवढी घासलीस कवा?

संजना : मंगळवारी. नंतर डबे घासले, मग पंख्याची पाती. आमचे पंखे संपले तेव्हा शेजारणीचे पुसून दिले. ती म्हणाली, संजनाताई, शेलूत तुमच्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं. पाणी देऊ?

येसूबाई : नको. बसायला आले नाय मी.

संजना : मग उभ्याच राहा, माप घेते. आलात ब्लाउजसाठी ना? हात वर करा.

येसूबाई : अगं, माप मागनं घे. आधी माजं आयक.

संजना : हात वर. छाती अडतीस. मागच्या वेळी छत्तीस होती. माझ्याशी बोलणं सोडल्यापासून अंगाला लागलंय तुमच्या.

येसूबाई : लागणारच. डोक्याला ताप नव्हता ना.

संजना : गळा मागून मोठा ठेवू का? का आता सासू झालात म्हणून झाकून? जरा सरळ उभ्या राहा. कमरेला हे काय टणक लागतंय?

येसूबाई : फोन.

संजना : कमरेला?

येसूबाई : पिशवी शिवून घेतलीय त्याला. नाडीला बांधते. काढू?

संजना : हा तर टेंपोचा फोन. दादांचा. तो तुमच्या नाडीला काय करतोय?

येसूबाई : तुजी वाट बघतोय. आठ दिवस झाले.

संजना : म्हणजे आला तुम्हाला मेसेज.

येसूबाई : मेसेज? माळ लागलीय माळ! पयला आला तवा मला वाटलं, लाईट कापणार म्हणून फसवतात ना, त्यातलाच हाय. पुसणार होते. मग एकेक अक्षर लावत गेले. सातवीपर्यंतचं इंग्रजी माजं, पण नाव तेवढं लागलं. म्हटलं, ही बाई वळखीची वाटते. आमच्या भाविकाच्या लग्नाला आली नव्हती ती.

संजना : झालं सुरू.

येसूबाई : नंबर तूच दिलास ना? का लॅबवाल्यांनी टेंपोच्या मागनं उतरवून घेतला?

संजना : मीच दिला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, मोबाईल नंबर? मान पण वर केली नाही तिनं. आणि माझ्या तोंडातून फडाफडा तोच निघाला. दहाही आकडे, न अडखळता. अकरा वर्षं तोच सांगत होते ना मी लोकांना. पेंढा हवाय, विटा हव्यात, मंडपाचं सामान न्यायचंय, लावा या नंबरवर. घरात एकच फोन होता आणि तो मीच उचलायचे.

येसूबाई : मग दोन घरं झाली, टेंपो आमच्याकडं आला. नंबर टेंपोवर रंगवलेला, म्हणून तोबी आमच्याकडं आला. पण तुला तुजा नवा नंबर पाठ नाय?

संजना : मी मलाच कशाला फोन लावेन? गिऱ्हाइकाला मिस्ड कॉल देते, झालं. मी चूक केली ते घरी आल्यावर कळलं, भात टाकताना. झाकण हातातच राहिलं. अख्ख्या रायगडात एकच बाई अशी, की जिला यातलं काही कळू नये. आणि मी तिच्याच कमरेला सगळं पोचवायची सोय करून आले.

येसूबाई : कमलेशला ठावं हाय?

संजना : नाही. त्यांना सांगितलं, गुडघ्याचा एक्स-रे काढायला जाते.

येसूबाई : गुडघ्याचा! सुई कुठं घातली, पट्टी कुठं, आन म्हणे गुडघा.

संजना : ते साजगावहून शिफ्ट करून येतात, जेवतात, टीव्ही लावतात. आठ दिवस मी लंगडतेय बघून त्यांनी फक्त एवढं विचारलं, की डावा का उजवा?

येसूबाई : मग?

संजना : मग काय, मलाच आठवेना. कधी डाव्या पायानं लंगडते, कधी उजव्या.

येसूबाई : येडी ती येडीच राहिलीस. आन नंबर चुकला तर बदलून घ्यायचा. तोंड नव्हतं?

संजना : केला होता फोन. म्हणाले, पेशंटनं आधार कार्ड घेऊन समक्ष यायचं.

येसूबाई : मग जायचं की. कर्जत काय परदेशात हाय? तिसरं ठेसन.

संजना : नाही गेले.

येसूबाई : का?

संजना : खरं सांगू? बरं वाटलं मला. म्हटलं, रिपोर्ट माझ्याकडं येणारच नाही. तो तिकडं जाणार, तुमच्याकडं. आणि जोवर तो तुमच्याकडं आहे, तोवर माझ्याकडं काही नाही. माझा फोन वाजला की बाया विचारतात, ब्लाउज झालं का. बस, एवढंच. तुम्ही काही मला फोन करणार नव्हता. पाच वर्षांत नाही केला, आता कशाला कराल? म्हटलं, या बाईच्या खाष्टपणावर डोळे मिटून भरवसा ठेवावा.

येसूबाई : वा! येवढा भरवसा माज्या आईनंबी ठेवला नव्हता माज्यावर.

संजना : आणि तुम्ही तोही मोडलात. आलात.

येसूबाई : आले. कारण तुज्या भरवशापायी आमचा धंदा बसलाय. आठ दिवस फोन मी घरधन्याला, तुज्या दादांना, दिला नाय. टेंपोत नेला आन मेसेज त्यांनी बघितला तर? ते कुनाला सांगायचे नायत, पण तोंडावर लगेच दिसतं त्यांच्या. मी म्हटलं, फोन बिघडलाय, चार्जिंगला हाय. आठ दिवस चार्जिंगला! ते म्हणाले, येवढ्यात हत्ती चार्ज झाला आसता.

संजना : मग भाडी कोण घेत होतं?

येसूबाई : मी. भात लावताना, धुनं धुताना, न्हाणीत गेले तर कडीला अडकवून. एका बाईला विटा पायजे होत्या, तिला मी पेंढा धाडला. मन ठिकाणावर कुठं हाय? आन त्या मेसेजात एक शब्द होता, चार अक्षरांचा, तो काय मला लागंना. मग खालापूरला मेडिकलवाल्याकडं गेले.

संजना : दाखवलात? त्याला? अहो, तो साऱ्या तालुक्याचा पेपर आहे!

येसूबाई : नावावर अंगठा ठेवला ना. म्हटलं, दादा, येवढं काय लिवलंय सांगा. म्हणाला, गाठीत सुई घालून पाणी काढतात मावशी, आन तपासायला पाठवतात. तुमचं हाय का? म्हटलं, हां, माजंच हाय.

संजना : तुमचं म्हणून सांगितलंत?

येसूबाई : मग कुनाचं सांगू? आता बाजारात गेले की लोक मला खुर्ची देतात. कालच्याला भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी वर टाकली. म्हणाली, मावशी, धीर सोडू नका.

संजना : मजा आहे बाई तुमची. गाठ माझी आणि कोथिंबीर तुम्हाला.

येसूबाई : कुठंशी हाय?

संजना : डावीकडं. हे बघा, इथं. बोराएवढी. माझंच ब्लाउज शिवलं होतं, दिवाळीचं. घालून बघितलं तर एका बाजूला काचायला लागलं. मला वाटलं, कापताना चुकले. उसवलं, परत शिवलं, परत काचलं. वीस वर्षं बायांची मापं घेतेय, माझं कापणं कधी चुकत नाही. मग हात लावून बघितला.

येसूबाई : दुखतं?

संजना : नाही. डॉक्टर म्हणाले, ऐंशी टक्के बायकांचं काही नसतं. फार प्रेमानं म्हणाले. उरलेल्या वीस जणींना काय म्हणतात, ते नाही सांगितलं.

(फोन वाजतो.)

संजना : घ्या! घ्या ना!

येसूबाई : हालो. हां, टेंपोवालेच. हाय, पेंढा हाय, पण टेंपो आज मोकळा नाय. उद्याचं उद्या बघू. आवो, मग म्हशीला सांगा, आजच्या दिवस दम धर म्हणावं. ठेवते.

संजना : माझा जीव कुठं गेला होता, माहीत आहे?

येसूबाई : माजाबी आठ दिवस तिथंच जाऊन बसलाय. भेटला आसंल तुज्या जिवाला. ये, इकडं ये, हा डबा उघड. तांदळाची भाकरी हाय आन वालाचं बिरडं.

संजना : बसायला आले नाही म्हणालात आणि डबा घेऊन आलात?

येसूबाई : डबा तुला. मी कुठं बसतेय? आधी खाऊन घे. कालपासून पोटात काय गेलंय तुज्या?

संजना : चहा.

येसूबाई : परवा?

संजना : परवा बिस्किट होतं बरोबर. नको वैनी, खरंच उतरत नाही घशाखाली.

येसूबाई : उतरतं. बिरडं हाय, औषध नाय. आईंच्या हातचं तिखट घातलंय, शेवटची बरणी. खा. मी बघतेय, पुढं ढकलू नको.

संजना : खाते, खाते. केवढा तो मायेचा पूर! लग्नाच्या वेळी कुठं गेला होता? भाविका माझ्या मांडीवर वाढली. तिच्या परकराला पहिली नाडी मी घातली. आणि तिच्या लग्नाचं आवतण मला कसं आलं? फोनवर. फॉरवर्ड! वर लिहिलेलं, ‘समस्त परिवारासह अगत्य येणे’. त्याच्या आधी तुमचाच गुड मॉर्निंगचा गुलाब आणि त्याच्या खाली कुठल्या तरी वॉशिंग मशीनची जाहिरात. मधे माझं आवतण. घरची माणसं म्हणजे दारात यायचं, अक्षता द्यायच्या, घोटभर पाणी प्यायचं. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. सासू असून आईंनी नाही, तुम्ही.

येसूबाई : बोलून झालं?

संजना : पाच वर्षांचं आहे, एवढ्यात कसं होईल?

येसूबाई : मग ते तोंडात घालत घालत बोल. आले होते मी.

संजना : कुठं?

येसूबाई : इथं. शेलूला. लग्नाच्या आधी बारा दिवस. अक्षता घेऊन, हळद-कुंकू घेऊन, तुला आबोली रंगाची साडी घेऊन. तुज्या त्या सोसायटीच्या गेटापर्यंत आले. तिथं तुमचा तो टोपीवाला बसलेला. म्हणाला, कुनाकडं? म्हटलं, संजनाकडं. म्हणाला, फ्लॅट नंबर?

संजना : मग?

येसूबाई : मग काय? मला ठावं नव्हता. तू घर घेतलंस तवा आमाला कुठं बोलावलं होतंस? त्यानं वही पुढं केली. म्हणाला, कोण लागता त्यांचे? म्हटलं, जाऊ. म्हणाला, सख्ख्या जावेला फ्लॅट नंबर ठावं नाय? आन हसला. चांगला दात दाखवून हसला. पाठीमागं दोन बाया भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या, त्याबी हसल्या.

संजना : मला फोन करायचा ना गेटवरून!

येसूबाई : आन काय बोलायचं? की बाई, तुजं घर कुठं हाय सांग, मी भिकाऱ्यासारखी गेटावर उभी हाय? माजंबी टाळकं फिरलं. तशीच मागं फिरले. घरी जाऊन भाविकाला म्हटलं, टाक तिला फोनवर. तिनं टाकलं.

संजना : आणि हे तुम्ही पाच वर्षं पोटात ठेवलंत?

येसूबाई : तूबी ठेवलंस ना. विचारलंस एकदा तरी, की वैनी, असं का केलंत?

संजना : नाही विचारलं. रागानं आंधळी झाले होते. साडी कुठं आहे?

येसूबाई : हाय. तिच्यातलाच ब्लाउजपीस तो. माजं कशाला, तुजंच शिव. मला काय त्यो रंग शोभणार हाय?

संजना : वैनी...

येसूबाई : रडायचं आसंल तर भाकरी खाल्ल्यावर. अर्धी राहिलीय अजून.

संजना : रडत नाही. आईंचं तिखट लागलं. एक सांगा मला. त्या दिवशी तुम्हाला फ्लॅट नंबर माहीत नव्हता.

येसूबाई : नव्हता.

संजना : मग आज कसा कळला? गेटवर अजून तोच टोपीवाला आहे. नंबर सांगितल्याशिवाय तो आमच्या आमदारालाही सोडत नाही.

येसूबाई : आज? मेसेजमधी होता की.

संजना : मेसेजमधे पत्ता नसतो वैनी. मेसेजमधे नाव असतं आणि कसला तो नमुना क्रमांक. पत्ता मी फॉर्मवर लिहिला होता. तो फक्त एकाच ठिकाणी छापून येतो.

येसूबाई : खा आधी.

संजना : आलाय ना?

येसूबाई : एक घास राहिलाय, तेवढा घे.

संजना : माझे बाबा गेले, तेव्हा आईंनी मला दोन भाकऱ्या खायला घातल्या. समोर बसून. मी म्हटलं, आज एवढा लाड? त्यांनी भांडं विसळलं, हात पुसले आणि मग सांगितलं. आपल्या घरात उपाशीपोटी काही सांगत नाहीत. तेव्हापासून कुणी समोर बसून आग्रह केला की मला कळतं, काहीतरी सांगायचंय. कधी आला रिपोर्ट?

येसूबाई : काल सांच्याला.

संजना : काल! आणि मघापासून माप काय देताय, म्हशीला दम काय धरायला सांगताय! काय लिहिलंय?

येसूबाई : मला काय ठावं? तुजी शप्पथ. चार पानं हायत. वर तुजं नाव, बी तीनशे चार, ते आकडे तेवढे लागले. खाली सगळं बारीक बारीक. भाविकाच्या लग्नाची पत्रिका दोन पानांची होती. म्हटलं, येवढं काय लिवलं आसंल? चांगलं आसलं की माणूस एका ओळीत लिवतं.

संजना : मेडिकलवाल्याकडं नेलात?

येसूबाई : चार पानांवर किती अंगठे ठेवू? आन न्यायचं तरी का? तुजा कागद. तुज्या आधी दुसऱ्यानं वाचायचा नाय.

संजना : भाविकाला पाठवायचा.

येसूबाई : नाय.

संजना : मग मला पाठवायचा! एक बोट दाबायचं होतं वैनी, एक बोट! काल संध्याकाळीच कळलं असतं. इथवर कशाला तडमडत आलात?

येसूबाई : एकदा बोट दाबायला लावलं होतं. पाच वर्षं भोगली त्याची. आता असला कागद मी तुला फॉरवर्ड करू? वर गुलाब आन खाली वॉशिंग मशीन? मेलं तरी करणार नाय. घरच्या माणसाला दारात जाऊन द्यायचं, हे मीच शिकवलं ना तुला? घे. धर.

संजना : मला नाही बघवणार.

येसूबाई : मग कोण बघंल? मला येत नाय आन तुला बघवत नाय. बोलव टोपीवाल्याला.

संजना : वैनी, मला भीती वाटते. खरंच फार भीती वाटते.

येसूबाई : मलाबी वाटते. काल सांच्यापासून चारदा उघडून बघितलं. नुसतं बघायचं आन बंद करायचं. घरं वेगळी झाली तवाच्या भांडणात मी तुला काय काय बोललेय, ते सगळं आठवलं. तुजं वाटोळं होईल, आसंबी बोलले होते एकदा. तेच डोक्यात घुमतंय.

संजना : मीही बोलले होते. तुमचा टेंपो उलटेल म्हणून.

येसूबाई : उलटला नाय. मग माजंबी लागणार नाय. बघ.

संजना : फोन तुम्हीच धरा. जरा वर करा. हे पहिलं पान म्हणजे नाव, वय, डॉक्टर. सरकवा. पुढचं आहे ते... थांबा. मागं घ्या.

येसूबाई : काय?

संजना : थांबा हो.

येसूबाई : अगं, मोठ्यानं वाच. मला कळलं नाय तरी चालंल.

संजना : लिहिलंय... नमुना पुरेसा नाही.

येसूबाई : म्हणजे?

संजना : म्हणजे सुईनं जे काढलं ते कमी पडलं. त्यावरून काही सांगता येत नाही. परत काढून पाठवा, म्हणतात.

येसूबाई : हाय का नाय, ते?

संजना : तेच नाही लिहिलेलं. हाय नाही, नाय पण नाही. काहीच नाही.

येसूबाई : आन बाकीची दोन पानं?

संजना : एकावर त्यांच्या लॅबची जाहिरात आहे. साखर, थायरॉईड, सगळं एकत्र तपासा, सवलतीत. शेवटच्या पानावर... ‘सेवेची संधी दिल्याबद्दल आभार’.

येसूबाई : आभार?

संजना : आभार.

येसूबाई : मेल्यांनो! आठ दिवस! आठ दिवस मी न्हाणीच्या कडीला जीव अडकवून बसले आन तुमचं पाणी कमी पडलं? त्या म्हशीवाल्याला मी दम धरायला सांगितला. बाजारात खुर्ची घेतली, कोथिंबीर घेतली, ती आता परत करू का? हसू नको तू!

संजना : हसत नाही... हसतेय. वैनी, मी लंगडले हो आठ दिवस! दोन्ही पायांनी!

येसूबाई : हस, हस. आन डोळे पूस. आन आता रडलीस तरी चालंल. भाकरी संपलीय.

संजना : परत सुई. परत आठ दिवस. मला वाटलं होतं, काय ते एकदा कळेल. वाईट तर वाईट. हे काय? हे तर होतं तिथंच आणून उभं केलं.

येसूबाई : होतं तिथं कुठं? गेल्या टायमाला एकटी गेली होतीस. चल, साडी बदल.

संजना : आत्ता?

येसूबाई : मग कवा? फेब्रुवारीतली ब्लाउजं आत्ताच शिवून त्या खुंटीला टांगलीस, दिसतात मला. तुजं काय काम आडलंय? टेंपो खाली उभा हाय.

संजना : टेंपो? मला वाटलं, लोकलनं आलात.

येसूबाई : मी सांगितलं का तसं? मी कशानं आले ते तू इचारलंसच कुठं? गॅलरीतनं बघ. बसलेत सकाळपासून. वर येऊ नका म्हटलं.

संजना : अगं बाई. दादांना काय सांगितलंत?

येसूबाई : म्हटलं, शेलूला जावेकडं ब्लाउज शिवायला टाकायचंय. तर म्हणाले, खालापुरात शिंपी संपले का? मी ब्लाउजपीस पिशवीत घातला. मग त्यांनी बादली घेतली. टेंपो धुतला, मागं गादी टाकली. म्हटलं, गादी कशाला? म्हणाले, आसू दे.

संजना : पेंढ्याच्या टेंपोत गादी?

येसूबाई : तर काय. म्हटलं ना, कुनाला सांगायचे नायत, पण तोंडावर सगळं दिसतं. फोन आठ दिवस चार्जिंगला हाय, यावर काय त्यांनी विश्वास ठेवला आसंल? आन संजना, कमलेशला आज सांगायचं.

संजना : सांगते. शिफ्ट सुटली की सांगते. तुम्ही थांबाल का तेव्हा?

येसूबाई : थांबते. कोणत्या गुडघ्यानं लंगडायचं, तेबी सांगते. जरा पाणी दे आता. घसा सुकला बोलून.

संजना : बसायला आला नव्हतात ना?

येसूबाई : बसले नाय. टेकलेय. दे.

संजना : घ्या. थंड देऊ का माठातलं? हेच माठातलं आहे. हळू प्या. वैनी, काउंटरवर ती पोरगी परत नंबर विचारेल.

येसूबाई : मग सांग की. पाठ हाय ना तुला?